हरवलेला ‘कल्याण खजिना’

स्मरणिकेसाठी काही लिहा, असे आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई मला गेली तीन वर्षे सांगत आल्या आणि मी दरवर्षी एखादी पाककृती देऊन वेळ मारून नेली. यंदा मात्र त्यांनी ती पळवाट बंद केली. “आपल्या भागाची जुनी गोष्ट लिहा, पण पुस्तकातून उतरवलेली नको,” असे त्यांनी बजावले. मी कल्याणची माहेरवाशीण आणि डोंबिवलीची सून. माहेर-सासरच्या मध्ये काय ती एक ठाकुर्ली. तेव्हा जुनी गोष्ट म्हटल्याबरोबर मला जी आठवली ती कल्याणचीच होती, आणि ती माझ्या आजीने पाहिलेल्या एका चित्रपटाची होती. तो चित्रपट आज जगात कोठेही पाहायला मिळत नाही.

आजीचे माहेरही कल्याणातलेच. लग्नाआधी एकदा गावात तंबू लागला होता आणि त्यात तिने ‘कल्याण खजिना’ पाहिला, ही हकीकत आम्ही नातवंडांनी शंभरदा तरी ऐकली असेल. खजिना पकडल्याचा प्रसंग ती सांगत असे, दौडत्या घोड्यांचे सांगत असे. पण तिचा खरा जीव होता तो शेवटच्या प्रसंगात. सुभेदाराची सून महाराजांपुढे उभी केली आहे, दरबार पाहतो आहे, आणि महाराज बोलू लागतात. “सगळा तंबू चिडीचूप झाला. काय तो आवाज, बाई! अजून कानात आहे,” असे म्हणून आजी डोळे मिटून घेई.

पुढे आजी गेली. संसारातून थोडी मोकळीक मिळाल्यावर मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागले. हे वाचनालय १८६४ सालचे, म्हणजे आगगाडी कल्याणास पोहोचल्यावर अवघ्या दहा वर्षांनी निघालेले. तेथे एकदा मराठी चित्रपटांविषयीचे पुस्तक चाळताना ‘कल्याण खजिना’ हे नाव दिसले आणि मी चमकले. चित्रपट होता १९२४ सालचा. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ मुंबईत लागला तो १४ मार्च १९३१ रोजी, आणि मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ त्यानंतर १९३२ साली. म्हणजे आजीने पाहिला तो मूकपट! त्यात महाराजांचाच काय, कोणाचाही आवाज नव्हता. मग आजीच्या कानात आयुष्यभर राहिला तो आवाज कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर शेवटी देते. तत्पूर्वी या चित्रपटाची कुळकथा सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या गावाशी जशी निगडित आहे तशीच बायकांशीही आहे.

कल्याणचा खजिना म्हणजे काय, हे आज गाडीच्या गर्दीत लोंबकळणाऱ्या माणसाला सांगून खरे वाटणार नाही. पण कल्याण हे फार प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. सतराव्या शतकात उत्तर कोकणचा हा मुलूख निजामशाहीकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. १६५६ च्या अखेरीस महंमद आदिलशहा वारला, विजापुरात गोंधळ माजला, औरंगजेबाने तिकडे स्वारी केली आणि मग दिल्लीच्या तख्तासाठी त्याचे लक्ष उत्तरेकडे वळले. ही संधी साधून शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ही दोन्ही ठाणी घेतली. महाराजांचे वय तेव्हा सत्तावीस. उल्हास नदीच्या खाडीकाठी आज आपण नवरात्रात ज्या दुर्गाडीला देवीच्या दर्शनास जातो, तो किल्ला त्या काळचाच, आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभही याच खाडीत झाला.

परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की कल्याणचा सुभेदार मुल्ला अहमद याचा खजिना विजापूरकडे चालला असता महाराजांच्या माणसांनी तो वाटेत गाठला. आबाजी सोनदेवांनी त्या लुटीबरोबर सुभेदाराची देखणी सूनही महाराजांपुढे आणली. महाराजांनी तिला मातेसमान मानले आणि साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठविले. ही गोष्ट उत्तरकालीन बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली. समकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही असे इतिहासकार सांगतात. तथापि परमुलखातील बायकांना उपद्रव होऊ नये अशी महाराजांची सक्त ताकीद असे, हे खाफीखानासारख्या मोगलांच्या बाजूच्या इतिहासकारानेही लिहून ठेवले आहे, आणि त्याची लेखणी महाराजांविषयी एरवी मुळीच गोड नाही. शत्रूच्या हातची ही साक्ष मला दहा बखरींहून मोलाची वाटते.

या कथेवर चित्रपट काढला तो कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत आपल्या आनंदराव या भावासह सिनेमाच्या नादी लागला. आनंदराव १९१६ साली वारले. पण बाबूरावांनी हिय्या सोडला नाही. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी आपल्या हाताने तयार केला, आणि १९१७-१८ च्या सुमारास ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. भगिनींनो, या कंपनीला भांडवल कोणी पुरविले? कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. ज्या काळी गाणाऱ्या बाईला घरंदाज बायका उंबऱ्याबाहेरून ओळखीत नसत, त्या काळी तिच्या कमाईवर महाराष्ट्रातली एक मोठी चित्रसंस्था उभी राहिली. चित्रपटाच्या इतिहासात दिग्दर्शकांची नावे ठळक अक्षरांत येतात आणि तानीबाईंचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते, म्हणून मी ते येथे मुद्दाम लिहिते आहे.

दुसरी गोष्ट चित्रपटातील बायकांची. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला तेव्हा तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते, कारण बाई मिळेना. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून ती कोंडी फोडली. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त १९२० साली गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी उतरल्या आणि पडद्यावर कमलादेवी व सुशीलादेवी झाल्या. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पदवी कंपनीच्या मालकाला मिळाली. त्या दोघींच्या वाट्याला मात्र समाजाचा बहिष्कार आला आणि त्यांना कंपनीच्या आवारातच बिऱ्हाड करावे लागले.

१९२३ साली कंपनीने हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. रात्री गड चढण्याचा प्रसंग कृत्रिम प्रकाशात टिपण्याचे धाडस त्यात केलेले होते, आणि त्यात शेलारमामा झालेला तरुण म्हणजे पुढे सर्वांना ठाऊक झालेले व्ही. शांताराम. त्या पाठोपाठ १९२४ साली ‘कल्याण खजिना’ आला. त्याच वर्षी लंडनजवळ वेंब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याचे मोठे प्रदर्शन भरले होते, आणि या कोल्हापूरकरांचे काम तेथपर्यंत जाऊन पोहोचले. म्हणजे तानीबाईंच्या पैशातून फुटलेला कोंब वेंब्लीत फुलला, असे म्हणायला हरकत नाही.

मग हा चित्रपट गेला कोठे? याचे उत्तर आपल्या माजघरातल्या अनुभवाने चटकन समजेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झट्‌दिशी पेट घेई, आणि नाही पेटली तरी दमट हवेत आधी चिकट होई, मग तिची भुकटी होई. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत पापड मऊ पडतात, तेथे फिल्मची काय कथा! एक हजार फुटांचे एक रीळ, ते पाऊणशे यार्डांच्या तंबूत पाव तासात संपायचे. असे गावोगाव फिरून प्रत झिजली की तिला किंमत राहत नसे. त्यातून १९३१ नंतर बोलपट आले आणि मुक्या चित्रांना कोणी विचारीना. फिल्मवर रुप्याचा अंश असतो. तो काढून घेण्यासाठी जुनी रिळे विकली गेली, आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या, पट्टे केले जात, असे जुने चित्रपट गोळा करणाऱ्या जाणत्यांनी सांगून ठेवले आहे. कोणत्या बाईच्या मनगटावर कोणत्या चित्रपटाचा कोणता प्रसंग किणकिणला असेल, देव जाणे!

हिंदुस्थानात तेराशेच्या घरात मूकपट निघाले. त्यांपैकी शंभरात दोनदेखील धडपणे उरलेले नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले फेब्रुवारी १९६४ मध्ये, म्हणजे मूकपटांचा जमाना संपून तीस वर्षे उलटल्यावर. त्यातही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारास आग लागून पुष्कळ जुना ठेवा गेला. साहसाच्या मूकपटांपैकी ‘दिलेर जिगर’ हा १९३१ सालचा एक चित्रपट सुदैवाने वाचला आहे. दिग्दर्शक ग. प. पवार आणि त्यात काम केले आहे ललिता पवारांनी. पुढे पडद्यावरची खाष्ट सासू म्हणून आपण ज्यांना ओळखले, त्या तरुणपणी साहसपटांची नायिका होत्या हे त्या वाचलेल्या रिळांमुळे डोळ्यांनी पाहता येते. तसेच फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे. १९१९ सालच्या त्या चित्रात बाळकृष्णाचे काम त्यांच्या लहानग्या मंदाकिनीने केले. ती सात वर्षांची मुलगी आजही यमुनेच्या डोहात उडी घेते. जपणाऱ्यांनी जपले म्हणून ती राहिली. ‘कल्याण खजिना’ जपला गेला नाही म्हणून तो गेला.

या चित्रपटाचे एक पोस्टर मात्र राहिले आहे. बाबूराव मूळचे चित्रकार, तेव्हा आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके ते मन लावून करीत. चित्र असलेल्या आपल्या देशातील जुन्यात जुन्या उपलब्ध पोस्टरांत अभ्यासक ‘कल्याण खजिना’चे नाव अग्रभागी घेतात. चित्रपट गेला आणि भिंतीवर चिकटवायचा कागद राहिला! हे वाचले तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. त्याचे कारण सांगायला संकोच वाटतो, पण सांगते.

कल्याणचा आमचा वाडा १९८८ साली उतरवायचा ठरला. आजीची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती. आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती रिकामी करायला मी डोंबिवलीहून गेले. वर जुनेर, हळदीकुंकवाचे डबे, कोणाच्या तरी मुंजीचे आमंत्रण. आणि तळाशी घडी करून अंथरलेले जाहिरातीचे कागद. त्यांतला एक फिका गुलाबी होता आणि त्यावर धावत्या घोड्याचे चित्र होते, एवढे आजही डोळ्यांपुढे येते. मी तो उलगडूनसुद्धा पाहिला नाही. मुलांची शाळा सुटायच्या आत घरी परतायचे होते. सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तागडीत घातला आणि आलेल्या पैशांची कोथिंबीर-मिरची घेऊन लोकल पकडली. तो कागद ‘कल्याण खजिना’चाच होता असे मी म्हणत नाही. तो नव्हता असेही आता मला कधी म्हणता येणार नाही, हीच खरी शिक्षा आहे. फिल्म विकून रुपे काढणाऱ्यांना बोल लावायला मला तोंड उरले नाही.

आता त्या आवाजाची गोष्ट. वाचनालयातून बाहेर पडले ती तशीच आजीच्या भावाकडे गेले. त्यांना आम्ही मामाआजोबा म्हणत असू. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण स्मरण खणखणीत. “मामाआजोबा, तो सिनेमा तर मुका होता. मग आजीने महाराजांचा आवाज ऐकला तो कसा?” असे मी विचारताच ते खो खो हसत सुटले. “अगं, ते महाराज मीच!”

झाले होते असे. मूकपटात पात्रांच्या तोंडची वाक्ये मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्यांवर दाखवीत. तंबूत बायकांची बसायची जागा वेगळी, पडद्याच्या अंगाला. तिथे वाचता येणाऱ्या बायका मोजक्या. मामाआजोबा अकरा वर्षांचे, म्हणून त्यांना बायकांत बसवले होते. पहिली पाटी आली तशी त्यांची मावशी म्हणाली, “वाच रे मोठ्याने!” मग काय, त्यांनी खजिन्यापासून दरबारापर्यंत सगळ्या पाट्या वाचल्या. शेजारच्या रांगांतल्या बायकाही कान देऊन ऐकू लागल्या. “आणि आवाज?” मी विचारले. “आवाज तेव्हा फुटलासुद्धा नव्हता,” मामाआजोबा म्हणाले. “पण मी पोट आत घेऊन वाचत होतो.”

आजीच्या कानात साठ वर्षे घुमलेला महाराजांचा धीरगंभीर आवाज म्हणजे तिच्याच थोरल्या भावाचा कोवळा आवाज होता. एवढ्यावरच गंमत संपली नाही. मामाआजोबा पुढे म्हणाले, “पाटी लवकर जायची. मग मी माझ्या मनाचे घालीत असे. महाराजांच्या तोंडी पुष्कळच घातले. बायका डोळे पुसू लागल्या की आणखी चेव यायचा.”

“मग आजी सांगायची त्यातले पाटीवरचे किती आणि तुमचे किती?”

“ते आता कोणी सांगावे? चित्र असते तर पाहिले असते,” एवढेच ते म्हणाले.

मला वाटते, इतिहास आणि आख्यायिका यांचे नाते याहून सोप्या शब्दांत कोणी सांगितले नसेल. समकालीन कागद म्हणजे पाटी. ती क्षणभर दिसते आणि जाते. मग कोणीतरी प्रेमाने, भक्तीने, ऐकणारे डोळे पुसतात म्हणून, आपल्या मनाचे घालतो. त्यात खोटेपणाचा हेतू नसतो. पण मूळ पाटी जपलेली असली तर दोन्ही ताडून पाहता येतात. ती हरवली की घातलेलेच तेवढे उरते. सुभेदाराच्या सुनेच्या गोष्टीचेही असेच झाले आहे. महाराजांचे औदार्य त्या गोष्टीत आहे, आबाजी सोनदेवांचे नाव आहे, सुभेदाराचेही आहे. नाही ते फक्त तिचे नाव. तिला काय वाटले, ती घाबरली होती का, परत गेल्यावर सासरी तिला कसे वागविले, हे कोणी विचारले नाही. तीनशेहून अधिक वर्षे आपण तिला ‘सुभेदाराची सून’ एवढेच म्हणत आलो. आणि तिची गोष्ट ज्या चित्रात होती तेही तिच्यासारखेच निघून गेले.

हा लेख लिहायला बसले त्याच आठवड्यात आपल्या मंडळाच्या सभागृहाची साफसफाई झाली. भिंतीवरचा पहिल्या कार्यकारिणीचा फोटो पुसायला मी खाली घेतला. बारा बायका, काठपदराच्या लुगड्यांत, मांडीवर हात ठेवून बसलेल्या. खाली छापलेले आहे: सौ. अमुक, सौ. तमुक, आडनावे तेवढी, आणि त्यांच्याआधी यजमानांची आद्याक्षरे. यांतल्या एकीने भिशीच्या पैशांतून पहिले शिवणयंत्र घेतले, एकीने स्वतःच्या ओसरीवर बालवाडी भरविली, हे आपण दर वर्धापनदिनी सांगतो. पण त्यांची नावे? मी उपस्थित भगिनींना विचारले. सगळ्या मिळून आम्हाला बारांपैकी पाचच जणींची नावे सांगता आली.

तेव्हा माझी एक विनंती आहे. त्या काळच्या ज्या दोन-तीन वडीलधाऱ्या बायका आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडे तो फोटो घेऊन जाऊ आणि राहिलेली सात नावे विचारून फोटोच्या पाठीवर लिहून ठेवू. घरात कोणाची जुनी ट्रंक उघडली जात असेल तर तळाचा कागद उलगडून पाहिल्याशिवाय तागडीत घालू नये. ठेवायला जागा नसेल तर कल्याणचे वाचनालय आहे, ठाण्याचे १८९३ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेथे जाऊन निदान विचारावे. मामाआजोबा गेले, आजी गेली, वाडाही गेला. त्या जागी आता सात मजली इमारत आहे.

फोटो मी पुन्हा टांगलेला नाही. तो कपाटात, पहिल्या खणात आहे. पेन्सिल त्याच्याशेजारी ठेवली आहे.